फासे सगळ्यांच्या देखत पडू देत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांवर, म्हणजे एकेक पात्र घेऊन मिळून कथा रचायच्या खेळांवर, लेख आला. वाचून आनंद झाला, पण गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, कथा रंगावी म्हणून आपल्या पडद्याआड पडलेले फाशांचे आकडे खुशाल बदलावेत, हा त्यातला सल्ला मात्र पचनी पडला नाही.

आमच्याकडे गेम मास्टर मीच. माझ्या पडद्यामागे नकाशे आणि टिपणे लपतात; फासे मी सगळ्यांसमोर टाकते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच एका खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरला त्याचा आकडा) शून्यावर गेले की पात्र निपचित पडते आणि त्याच्या दर टर्नला खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. १० किंवा जास्त म्हणजे यश, कमी म्हणजे अपयश. तीन यशे आधी झाली तर पात्र तगते, तीन अपयशे झाली तर संपते. आमच्यातल्या एकीचे पात्र, एक चोरटी, दोन अपयशांवर आले, तेव्हा सगळ्यांचे मोबाइल आपोआप खाली गेले. एरवी स्वतःच्या टर्नशिवाय मान वर न करणारा गडीसुद्धा उठून उभा राहिला. फासा पेन्सिलीला आपटला आणि ४ वर थांबला. ती खेळाडू जरा वेळ गप्प बसली, मग कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचा कागद) पालथी घालत म्हणाली, "हिचा खंजीर कोण घेतंय?" त्या खंजिरावरून पुढे जी भांडणे लागली, त्यावर आमचे उरलेले कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी कथा, चालले. मला ते सात जन्मांत सुचले नसते. तो ४ मी गुपचूप १४ केला असता तर हे काहीच घडले नसते.

माझा राग लपवाछपवीवर आहे, मवाळपणावर नाही. खेळाडूच्या संमतीशिवाय पात्र मरणार नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या, मी आनंदाने खेळेन. जो निकाल सोसणार नाही, त्यासाठी फासा टाकायला सांगूच नये. आणि कथाच हवी असेल तर तसे खेळ आहेत. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यात पात्राचा गुणांक मिळवतात: १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होते पण किंमत मोजावी लागते. नुसत्या फाशांवर ही ७ ते ९ ची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे भानगडी नियमांतच पेरलेल्या आहेत. 'फियास्को'मध्ये तर गेम मास्टरच नसतो. (लांबलचक लढायांचा मलाही कंटाळा आहे, आणि पात्राचा आवाज काढून बोलणे मला कधीच जमले नाही. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे, फक्त शेजाऱ्याचा टर्न खाऊ नये.)

सापळा शोधायला टाकलेल्या फाशाचा आकडा खेळाडूला कळला की गंमत जाते, हा लेखातला मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी पाचव्या आवृत्तीत पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे मुद्दाम न शोधताही पात्राच्या किती नजरेस येते याचा ठरलेला आकडा, आहेच: १० अधिक पात्राचा मॉडिफायर (निरीक्षणाच्या कौशल्याचा जमा-वजा आकडा). तिथे फासाच नाही, तर लपवायचे काय?

लेखकाने पडद्याच्या पलीकडे बसणाऱ्यांनाही विचारायला हवे होते. मी आमच्याकडे विचारले. आकडे बदलायला एकाचीच ना नव्हती, आणि तो जादूगार खेळतो, पहिल्या फटक्यात आडवा होणारा.

आपली,
एक गेम मास्टर