बाबा, छोट्या वाटेवर नाव दिलंय

प्रिय आई, बाबा,

सा. न.

रविवारच्या चालण्यासाठी तुमची नावं मी नोंदवली आहेत. दोघांचीही, आणि छोट्या वाटेवर. गटप्रमुखांशी माझं काल सविस्तर बोलणं झालंय. बाबा, इथवर वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवला असणार. तो परत लावा आणि पुढचं सगळं वाचा, मग काय ते बोला.

मोठी वाट १६ किलोमीटरची आहे आणि चढ ७०० मीटरचा. चालायला किती वेळ लागेल ते काढायचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा हिशोब तुम्हीच मला वहीच्या मागच्या पानावर शिकवला होतात. तासाला ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्तीची. तसा मांडला तर सव्वाचार तासांच्या वर जातं, आणि हा हिशोब तब्येतीने ठणठणीत माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. नेस्मिथने तो १८९२ साली मांडला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे माझे आई-बाबा नव्हते. थांबणं, पाणी पिणं, आईचं प्रत्येक फुलापाशी वाकणं धरलं तर साडेसहा तास सहज होतील. छोटी वाट ८ किलोमीटर, चढ जेमतेम २०० मीटर. अगदी रमतगमत गेलात तरी तीन तास. आणि तुमची सगळी मंडळी दुपारी तळ्याकाठी भेटणारच आहेत, कारण दोन्ही वाटा तिथेच येतात. हे मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

तुम्हाला जमणार नाही असं माझ्या मनातही नाही. चढ तुम्ही आजही माझ्यापेक्षा चांगला चढता, दम लागला तरी बोलणं तुटत नाही. माझी काळजी उताराची आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, म्हणून तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. आणि मोठ्या वाटेचा सगळा उतार शेवटी आहे, माणूस थकल्यावर. सप्टेंबरमध्ये जे झालं ते पायऱ्यांवर झालं, तेही उतरतानाच. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सोयीचं सगळं विचारलंय. निघण्याच्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे, तळ्यापाशीही आहे. आई, हे खास तुझ्यासाठी. वाटेत सोय नसेल म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हे तू करतेस ते मला ठाऊक आहे. या वेळी तसं करायचं नाही. पाणी कमी पडलं की चक्कर येते, आणि वयाबरोबर तहानेची जाणीवही मंद होते, म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा. बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला. लघवीला जावं लागेल म्हणून स्वतःच्या मनाने एकही चुकवायची नाही. डॉक्टरांशी मी बोलले आहे. बसायला दर अर्ध्या तासाने सावलीची जागा आहे, आणि सगळ्यात शेवटी गटाचा एक अनुभवी माणूस चालतो, त्याच्या मागे कुणीही राहत नाही.

बाबा, आठवतं, माझे पाय दुखायला लागले की तुम्ही पुढच्यांना हाक मारून थांबवायचात? गटाची चाल म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल, असं मोठ्याने सांगायचात, आणि मला कधी वाटू द्यायचा नाहीत की ती हळू चालणारी मी आहे. मग माझी पिशवी आपोआप तुमच्या खांद्यावर गेलेली असायची. आई माझ्या बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून बांधायची आणि वर एक हलकी थाप द्यायची. अजूनही कुठे लांब चालायला निघाले की नाडी बांधून झाल्यावर मी स्वतःच तशी थाप देते.

आता नीट ऐका. पायाची नखं शनिवारी रात्रीच कापा, नाहीतर उतारावर बोटं बुटात आपटून नखं काळी पडतात. सुती मोजे नकोत, घामाने ओले होऊन पाय सोलतात. पायाला कुठे जरा जरी चुरचुरलं तरी तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत वाट बघायची नाही. नवे बूट आजपासून रोज घरात घालून फिरा. दोघांनीही काठ्या न्यायच्या, बाबांनीसुद्धा, आणि उतरताना त्या थोड्या लांब करायच्या. आभाळ गडगडलं तर उघड्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. लगेच पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आई, बाबा मध्येच 'मी मोठ्या वाटेने येतो' म्हणाले तर गटप्रमुख त्यांना सोडणार नाहीत, तसं ठरलंय. तुला वाद घालावा लागणार नाही.

बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं, याचं तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या, माझ्यावर रागवा, पण रविवारी जा. हा ऋतू, पुढचा, त्याच्या पुढचा, असं तुम्ही दोघं चालत राहावं एवढंच मला हवंय. गुडघ्याने महिनाभर कुरकुर केली नाही, तर मधली वाट घेऊ. तेव्हा मीही येईन, सुट्टीचा अर्ज आधीच दिलाय.

घरी पोचलात की आधी पाय धुवा, मग मला फोन करा.

तुमची,
मनू

ता. क. शिट्ट्या पाठवते आहे, दोन. दोघांनी आपापल्या गळ्यात घालायच्या, पिशवीच्या तळाशी टाकायच्या नाहीत. अडचण आली तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. तीन शिट्ट्या ऐकू आल्या की समजायचं, कुणीतरी ऐकलंय. तरीही माणसं जवळ येईपर्यंत वाजवत राहायचं.