'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा', पण कोणत्या?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील औषधे आणि आहार यांच्याविषयीचा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातील निम्मी जागा ग्रेपफ्रूटने खाल्ली आहे. कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण या फळामुळे वाढते हे खरेच. मात्र जांभळी नाक्याच्या बाजारात हे फळ मला आजवर दिसलेले नाही. ज्येष्ठमधाचा काढा सतत घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम उतरते, उलट 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियमच असल्याने ते टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना बाधू शकते, थायरॉईडच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे लागते, या घरोघरच्या गोष्टींना मात्र एक ओळही मिळू नये!

शेवटी 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' हे ठरलेले वाक्य आहेच. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. सगळी औषधे एकत्र येतात ती केमिस्टच्या काउंटरवर. माझ्या वहिनींना कृत्रिम झडप बसवलेली असल्याने त्या रक्त पातळ ठेवणारी एसिट्रॉम रोज घेतात. गुडघे दुखतात म्हणताच नौपाड्यातील एका दुकानाने त्यांना डायक्लोफेनॅकची स्ट्रिप कात्रीने कापून दिली, तीही चिठ्ठी न मागता, एसिट्रॉमच्याच बिलावर. काही दिवसांतच शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, हिमोग्लोबिन घसरले आणि अखेर रक्त चढवावे लागले. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) मात्र ठीक होता, कारण वेदनाशामक गोळी जठराच्या अस्तराला इजा करते आणि रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावते, ते या तपासणीत दिसत नाही. 'आणखी काय घेता?' एवढे जरी काउंटरवरून विचारले गेले असते, तरी हे टळले असते.

फार्मासिस्टने रुग्णाशी स्वतः बोलून औषधांची माहिती द्यावी, असे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट म्हटले आहे. त्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. त्यावरील गृहस्थांचे दर्शन घडण्याचे भाग्य आम्हाला अद्याप लाभलेले नाही. औषधासोबतचे माहितीपत्रक खोक्यातच राहते, आणि कापलेल्या स्ट्रिपवर कधी औषधाचे नाव नसते, तर कधी मुदतीची तारीख. ग्रेपफ्रूटऐवजी यावर लिहिण्यास आपल्या लेखकांची हरकत नसावी.

जाता जाता आणखी एक. याच लेखाखाली सांधेदुखीवरील चूर्णाची पाव पान जाहिरात होती. 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' हे ठळक अक्षरांत होते, घटक मात्र भिंगातूनही वाचता आले नाहीत. त्या चूर्णात काय आहे, एवढे तरी पुढील अंकात छापावे. वहिनींनी ती जाहिरात कापून ठेवली आहे.

— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे (प.)