काडेपेटीतली खुंटी

प्रिय दादा,

स.न.वि.वि.

तुम्ही तलवारी विकणारे, मी तुमचं गिऱ्हाईक. वयानं तुम्ही माझ्या थोरल्या पोराएवढे. पण फोनवर तुम्ही मला काका म्हणत आलात आणि मी तुम्हाला दादा, ते आता पत्रात कशाला बदलू? तुमचं नाव-गाव इथं घालत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "काका, नाव टाकू नका, उद्या पन्नास पोरांचे फोन येतील, केक कापायला तलवार पाहिजे म्हणून." खरं आहे. आमच्या कोल्हापुरात तलवारीनं केक कापला की दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आणि तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात कान धरून माफी. तेव्हा पत्र बिननावाचं. ज्याचं आहे त्याला कळेल.

उद्यमनगरात हार्डनिंगच्या भट्टीवर माझी 27 वर्षं गेली. गिअर, शाफ्ट, पिना. लाल करायचं, तेलात सोडायचं, बाहेर काढून रॉकवेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, बघायचा. जपानी तलवारीचं वेड मला या भट्टीवरच लागलं, सिनेमा नंतर आला. आमच्याकडं येणाऱ्या एका इंजिनिअर साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं होतं की ते लोक पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेकडं पातळ, मग पातं लाल करून पाण्यात घालतात. धार झटक्यात निवते म्हणून कडक होते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. एकाच पात्यात दोन टेंपर! आणि पाण्यात जाताना पातं आपलं आपण पाठीकडं वाकतं. तो बाक बराचसा पाण्यानं दिलेला असतो. आपल्यात शस्त्राला 'पाणी देणं' म्हणतात, 'पाणीदार' म्हणतात. लहानपणापासून कानावर असलेले शब्द. त्या दिवशी माझा चहा हातातच गार झाला.

खरी जपानी तलवार आपल्या खिशातली गोष्ट नव्हे. तिकडं आजही परवाना असलेला लोहारच ती घडवतो, भाव लाखांत. मला पाहिजे होती त्या घाटाची, साधी, परवडणारी, आणि हातात धरून फिरवता येईल अशी. तरुणपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत लाठी, फरीगदगा, थोडा दांडपट्टा खेळलोय. आता खांदा साथ देत नाही, पण हाताची खाज जात नाही.

तुमच्या आधी दोघांकडं पैसे घालवले. दुसऱ्याचं थोडक्यात सांगतो: ॲडव्हान्स घेतला, वीस दिवस "माल वाटेत आहे" म्हणाला, अजून वाटेतच आहे. पहिल्याचं मात्र सांगितल्याशिवाय माझं पोट दुखायचं थांबणार नाही.

त्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'बॅटल रेडी' लिहिलं होतं. मी हसलो होतो, म्हटलं सिद्दी जौहर 1660 सालीच पन्हाळ्याला वेढा घालून गेला, आता कुणाशी लढायचंय? पण घेतली. 4,200 रुपये. चकचकीत, पात्यावर नागमोडी लाट, मुठीला काळी दोरी, म्यानावर सोनेरी ड्रॅगन. मी विचारलं, पोलाद कुठलं? "440 स्टेनलेस सर, टॉप क्वालिटी." भट्टीवरच्या माणसानं तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता. स्टेनलेस भाजी कापायच्या सुरीला ठीक आहे. हातभर लांब पात्याला झटका बसला की ते लवत नाही, तुटतं. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. स्वतःला सांगितलं नाही. हौस आली की माणूस आपला धंदा विसरतो.

मागच्या अंगणात तिसऱ्याच वाराला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं गेलं. धुण्याच्या दगडावर आपटून तुळशीच्या कट्ट्याचा टवका काढून पडलं. त्या दगडावर दोन मिनिटं आधी माझी नात चिंचोके मांडून बसली होती. पाणी प्यायला म्हणून आत गेली होती. चिंचोके तसेच होते.

त्यावर जास्त लिहीत नाही. अजून रात्री जाग येते.

मग मूठ फोडून बघितली. आत पातं दोन बोटांवर संपलेलं आणि पुढं पाच-सहा एमएमचा आटे पाडलेला रॉड वेल्डिंगनं चिकटवलेला. वेल्डिंगसुद्धा एकाच टाक्याचं, तेही जळलेलं. आमच्याकडं शिकाऊ पोरानं असा टाका मारला असता तर त्याला दिवसभर झाडू मारायला लावलं असतं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, प्रॉडक्ट फक्त शोभेसाठी आहे, डिस्क्रिप्शन बघा." बघितलं. तळाला, मुंगीच्या अक्षरात, होतं खरं. मी विचारलं, वर बॅटल आणि खाली शोभा कशी? मग नंबर ब्लॉक.

तर अशा जळलेल्या तोंडानं मी तुम्हाला फोन केला होता. नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, मुठीच्या आत काय आहे? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, "फुल टँग आहे सर, गॅरंटी," म्हणजे पातं मुठीत पार आतपर्यंत अखंड. तुम्ही म्हणालात, "थांबा काका, उघडून दाखवतो." आणि अर्ध्या तासात फोटो आला. वर्तमानपत्रावर ठेवलेलं उघडं पातं, मूठ बाजूला काढलेली, शेजारी पोराच्या कंपासपेटीतली फुटपट्टी. मुठीत जाणारं पात्याचं शेपूट, ज्याला ते लोक नाकागो म्हणतात, पात्याच्याच पोलादाचं, अखंड, टोकाकडं निमुळतं होत गेलेलं, पट्टीवर मोजून आठ इंच. जोड नाही, टाका नाही. मी तो फोटो कारखान्यात सगळ्यांना दाखवला. बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, "लोखंडाचा फोटो बघून एवढा आनंद?" तिला काय सांगू.

तुम्ही बाकीचंही न विचारता सांगितलंत. की हिचा जपानशी संबंध फक्त घाटापुरता, माल चीनमधल्या लाँगच्वान गावचा, जिथं तलवारी घडवायची जुनी परंपरा आहे. की पोलाद 1060, म्हणजे साधं कार्बनचं, आमच्या भाषेत ईएन 9 च्या जवळपास. की तीन हजार जास्त देऊन लाटेचं पातं मिळेल, पण "ती लाट अ‍ॅसिडनं काढलेली आहे काका, मातीच्या लेपानं आपोआप उमटलेली नाही, त्यासाठी पैसे घालू नका." लाटेवर तर मी भुललो होतो! विकणारा माणूस स्वतःच्याच महाग मालाविरुद्ध बोलतोय हे ऐकून मी फोन कानापासून लांब धरून एकदा नंबर बघितला.

उंची विचारलीत. पाच फूट पाच म्हटल्यावर जपानी मापात 2 शाकू 3 सुनचं, म्हणजे 70 सेंटीमीटरच्या आसपासचं पातं घ्या म्हणालात. लांब घेतलं तर म्यानातून उपसताना कोपर अडकेल. शाकू म्हणजे 30.3 सेंटीमीटर, जवळजवळ आपला फूटच की! मग धारेचा विषय काढलात. 1959 चा शस्त्र कायदा, 9 इंचांहून लांब धारदार पातं म्हटलं की परवान्याचा प्रश्न, हे सगळं सांगून बिनधारेची सरावाचीच घ्या असा हट्ट धरलात. "आणि तरी आधी तुमच्या ठाण्यात विचारून या. मी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो, ॲडव्हान्स नको." आठ दिवस ठेवलीत. ठाण्यातल्या हवालदारांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "केक हाय काय?" बाकी तिथं काय झालं ते सांगत बसत नाही, पोलीस ठाण्याच्या गोष्टी ऐकायला कुणाला आवडतात.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

पार्सल आलं. खोक्यात पातं, म्यान, तेलाची बाटली, पुसायचा कपडा. आणि तळाला एक काडेपेटी, वरून रबर लावलेली. वाटलं, पॅकिंग करताना चुकून पडली. उघडली तर आत कापसात एक इवलीशी कळकाची खुंटी, शेंगदाण्याएवढी लांब, एका अंगानं दबलेली. सोबत वहीच्या कागदाची चिठ्ठी: "काका, फोटोसाठी मूठ काढली तेव्हा ही खुंटी एका बाजूनं बसलेली दिसली. नवीन तासून घातली आहे. जुनी तुम्हाला बघायला पाठवतो. दर वेळी उपसण्याआधी अंगठ्यानं दाबून बघत जा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या तलवारीची मूठ पात्यावर घट्ट बसलेली असते हे खरं, पण तिला जागेवर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे मुठीतून आणि शेपटाच्या भोकातून आरपार गेलेली ही कळकाची खुंटी. मेकुगी म्हणतात. एका टोकाला किंचित निमुळती, आमच्याकडच्या टेपर पिनसारखी. स्क्रू नाही, नट नाही, गोंद नाही. कळक चिवट, तो एकदम मोडत नाही, आधी दबतो, इशारा देतो. तो इशारा वाचता आला पाहिजे, एवढंच.

दादा, तुम्ही ती बदलली नसती तर मला कळलं नसतं. बदलून गप्प बसला असता तरी कळलं नसतं. नवी खुंटी फुकटात मिळाली हे माझ्या लेखी मोठं नाही, कळकाचा तुकडा कितीला येतो? पण जुनी कापसात गुंडाळून, काडेपेटी शोधून, चिठ्ठी लिहून पाठवायची, म्हणजे तुमच्या मालात खोट होती हे स्वतःच्या हातानं मला लिहून द्यायचं. एकानं मुठीच्या आत वेल्डिंग लपवलं आणि माझी नात वाचली ती नशिबानं. तुम्ही मुठीच्या आतलं बाहेर काढून पोस्टानं पाठवलंत. मी पायरीवर बसून ती खुंटी बोटात फिरवत होतो. खोटं कशाला बोलू, डोळे भरले. नात म्हणाली, "आजोबा, दात आहे काय कुणाचा?"

आमचे वस्ताद होते, आता नाहीत. दांडपट्टा हातात देण्याआधी ते पोरांकडून त्याचा खिळा न् खिळा तपासून घ्यायचे. "दुसऱ्यानं बांधलेल्या शस्त्रावर इस्वास ठेवायचा न्हाई," म्हणायचे. तुमचं पार्सल त्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. बहुतेक काहीच नसते म्हणाले, नुसता मिशीवर हात फिरवला असता, आणि तालमीत ती मोठी शाबासकी समजली जायची. चांगुलपणा असा मोठ्या ढोलताशानं येत नाही बहुतेक. 2019 च्या पुरात कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत एक माणूस रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होता. सकाळी चहा प्यायला आणि निघून गेला, नाव कुणी विचारलंच नाही. तुम्ही आणि तो, मी तुम्हाला एकाच फळीवर ठेवलंय. पटत नसेल तर हसा, पण काढणार नाही.

एक तक्रारही आहे, नुसतं गोड लिहिलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही. मुठीची दोरी दोन ठिकाणी सैल आहे, टोकाकडच्या गाठीजवळ जास्त. चालवून घेतोय. सवडीनं सांगा ती आवळता येते का. आणि लवंगेच्या वासाचं ते तेल संपत आलंय. तुम्ही म्हणाला होतात की ते साधं खनिज तेलच, वर लवंगेचा वास, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं चालेल. बायकोच्या मशीनची बाटली घेतलीय. तिला अजून पत्ता नाही, इथं वाचून लागला तर लागला.

रोज सकाळी सहाला अंगणात जातो. नातीला आत ठेवून दाराला कडी. मग अंगठ्यानं खुंटी दाबून बघतो. मग दहा वार, सावकाश. खांदा कुरकुरतो, पण दहा होतात.

परवा खंडेनवमी झाली. कारखान्यात भट्टीला, लेथला, रॉकवेलच्या मशीनला झेंडूचे हार घातले. घरी पाटावर माझा व्हर्नियर, बायकोची कात्री, विळी आणि तुमची तलवार मांडली. हळदकुंकू वाहायला नातीला बसवलं. ती एकेकाला बोट लावत गेली आणि शेवटी मला विचारलं, "दाताची पेटी कुठाय?" कपाटातून काढून दिली. तिनं काडेपेटीवर कुंकू लावलं, वर एक झेंडूची पाकळी ठेवली आणि चिंचोके खेळायला निघून गेली.

कधी कोल्हापूरला आलात तर तांबडा-पांढरा माझ्याकडं.

आपला,
भट्टीवरचा काका
उद्यमनगर, कोल्हापूर