आई-बाबा, गाडीतला मायक्रोवेव्ह मी बदललाय

नाशिक, २६ जुलै

प्रिय आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबा तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "अगं पण" म्हणाला असतात, आई मागून "जाऊ दे ना आता" म्हणाली असती आणि विषय तिथंच संपला असता, म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय की प्रिंट काढून दे, मोबाईलवर वाचायचं म्हटलं की बाबा अर्धा तास चष्मा शोधतात.

तर तुमच्या राहायच्या गाडीतला, कॅम्परमधला, मायक्रोवेव्ह मी बदललाय. न विचारता. आणि आधी वाईट बातमी सांगून टाकते, तुमचा हत्यारांचा खण गेला. उभ्या कपाटातला मधला, कमरेच्या उंचीचा. आता चहा घ्या आणि पुढे वाचा.

जूनमध्ये आपण काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो ना, त्या रात्री आई वरच्या मायक्रोवेव्हमधून दुधाचं भांडं काढत होती. बाबा तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसला होतात त्यामुळे तुम्हाला माहीत नाही. भांडं तिरकं झालं नि गरम दूध तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आई, तू लगेच नळाखाली हात धरलास आणि मग पदर ओढून घेतलास आणि मला म्हणालीस, बाबांना सांगू नको, ते लगेच गाडी विकायला काढतील. मी नाही सांगितलं. पण डोक्यातून गेलं नाही ते. तुम्ही बंगलोरला गेल्यावर पहिल्याच रविवारी ओझरला जाऊन टेप लावली. जमिनीपासून मायक्रोवेव्हच्या दारापर्यंत १४८ सेंटीमीटर. आईच्या खांद्याची उंची १२२, मला माहितीये कारण तिच्या ब्लाऊजची मापं मीच देते. म्हणजे ज्या खांद्याला डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणाले त्याच्याही वर वीतभर, खाली गॅस पेटलेला, आणि हातात उकळतं भांडं. गाडी ज्याने बनवली तो सहा फुटाचा असणार आणि त्याने आयुष्यात दूध तापवलेलं नसणार.

बाहेर काढणं सोपं नव्हतं. चौकटीमागे चार स्क्रू सापडले, दोन गंजलेले. अठरा किलोचं धूड, तुमचे जावई खालून धरून उभे आणि मी गॅसच्या शेगडीवर पाट ठेवून त्यावर चढलेली, चिऊ व्हिडिओ काढतेय. आत काय मिळालं सांगू? तुमची एक पेन्सिल, दोन रुपयांचं नाणं, एक झुरळ कुटुंब, आणि मागचा प्लाय पार चॉकलेटी झालेला. चिकटवलेला फोमचा शीट तर हात लावला की भुगा होत होता. बिल्ट-इन म्हणून बसवला पण हवा जायला जागाच ठेवली नव्हती हो, बाजूने प्लाय, मागून फोम, वर छत. मायक्रोवेव्ह स्वतःच्याच गरम हवेत शिजत होता. तो चार मिनिटं चालून बंद पडायचा आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायचा, तुम्ही म्हणायचात टायमर गेलाय. टायमर ठणठणीत होता, आतला थर्मल कटआउट उडत होता, गार झाला की परत जोडला जायचा. बिचारा जीव वाचवत होता आपला आणि आपण त्याला शिव्या देत होतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे आणि ही वाचताना बाबा रागावू नका. मी म्हटलं आता काढलाच आहे तर वायरिंग शेवटपर्यंत बघू. बॅटरीकडून इन्व्हर्टरला जाणारी जी जाड केबल, तिच्या लगचा, म्हणजे केबल बोल्टला अडकवायच्या धातूच्या टोकाचा, नट मी बोटाने फिरवला. बोटाने! पाना न लावता. लगच्या मागचं इन्सुलेशन काळं, वितळून टपकलेलं, आणि मधे फ्यूज नाहीच. त्या मायक्रोवेव्हला आत १४०० वॅट लागायचे, आपल्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्ट, इन्व्हर्टरचा लॉस धरला की त्या सैल नटातून साठ-सत्तर अँपिअर जात होते, आणि त्याच्या बरोब्बर वर तुमचा पलंग. मी तिथंच गाडीच्या पायरीवर बसून राहिले थोडा वेळ. ओझर मिगच्या विमान कारखान्यात एवढी वर्षं ज्या माणसाने एकेक नट तारेने बांधून, लॉकवायर करून सोडला, "विमानात व्हायब्रेशनने नट सुटला तर खाली उतरून आवळता येत नाही" हे आम्हाला जेवताना ऐकवलं, त्याच्या गाडीत हे. मला माहितीये तुम्ही नव्हतं बसवलेलं ते, ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचंच काम. पण तुम्ही बघितलंही नाहीत ना. बास, एवढंच, परत नाही बोलणार.

आता काय केलंय ते सांगते, तुम्हाला पटेल असं केलंय. केबल २५ स्क्वेअर एमएमची, लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगवाल्याकडून सातपूरला दाबून आणले, बॅटरीच्या अगदी जवळ १०० अँपिअरचा फ्यूज, सगळीकडे नायलॉक नट, हादऱ्यांनी सैल न होणारे. आणि प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ, नटावरून खाली बोल्टवर आलेली, रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. कुणी शिकवलं ते लिहायला नको. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी पण टाकली, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, पावसात गाडीचा पत्रा ओला असतो आणि आई अनवाणी चढते.

इन्व्हर्टर पण बदलला. हो, तो चालत होता, मान्य. पण तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणून तर मायक्रोवेव्ह भुंग्यासारखा घुमायचा आणि कपभर दूध तापायला चार मिनिटं घ्यायचा. मीटरवर व्होल्टेज ठीकच दिसायचं म्हणून तुम्ही इन्व्हर्टरवर संशय घेतला नाहीत. पण मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून जे हजारो व्होल्ट बनवतात ते लाटेच्या टोकावर अवलंबून असतं, घरच्या विजेत ते टोक सव्वातीनशेच्या आसपास जातं आणि स्क्वेअर वेव्हमध्ये टोकच कापलेलं, सपाट. मग मॅग्नेट्रॉनला पुरेसा जोर मिळत नाही. मॅग्नेट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्हच्या लहरी बनवणारं, तुमचंच रडारवालं यंत्र, लहानपणी गोष्ट सांगायचात ना, १९४५ साली अमेरिकेत रडारवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून हे निघालं. मी आणि दादा मग खिशात चॉकलेट घालून टीव्हीसमोर उभे राहायचो.

खात्री करायला मी एक प्रयोग केला, तुम्ही असतात तर खूश झाला असतात. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी, बरोबर एक मिनिट, आधी नि नंतर थर्मामीटर. जितके डिग्री वाढले गुणिले ७०, म्हणजे साधारण तेवढे वॅट पाण्यात गेले. नवा मायक्रोवेव्ह घरच्या विजेवर १० डिग्री, म्हणजे ७००. तुमच्या जुन्या इन्व्हर्टरवर ६, म्हणजे ४२० फक्त. नव्या साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर, जो घरच्या विजेसारखीच लाट देतो, साडेनऊ. तीन-तीन वेळा केलं, चिऊने वहीत लिहून ठेवलंय, तिच्या सायन्सच्या बाईंना दाखवणारे म्हणे.

नवा साधा आहे, २० लिटरचा सोलो, म्हणजे बेकिंगची सोय नसलेला, साडेसहा हजाराला मिळाला. बिल्ट-इन परत घेतला नाही. आई, यात कन्व्हेक्शन नाही, म्हणजे तुझी नानकटाई गाडीत होणार नाही, पण ती तशीही कधी झाली का सांग? ते बटण दाबलं की जुना २२०० वॅट मागायचा आणि इन्व्हर्टर बोंबलायचा, आणि ढाब्यावर किंवा भक्तनिवासात आपल्याला मिळतो तो सहा अँपिअरचा लटकता पॉइंट, त्यावर कसलं बेकिंग. तो डोक्यावरचा अठरा किलोचा होता, हा साडेदहा.

जागेवरून मात्र मी तीन रविवार डोकं खाजवलं. आधी वाटलं ओट्याखाली टाकू, पण मायक्रोवेव्हच्या वर २० सेंटीमीटर मोकळं सोडायला सांगतात, मागे १०, बाजूला ५-५, तेवढं सोडलं तर फळी गुडघ्याला आली असती, म्हणजे खांदा वाचवून गुडघे घालवायचे. मग मी सहज वळले आणि समोर तुमचा खण. फळी ८५ सेंटीमीटरवर, ओट्याच्या अगदी लेव्हलला! आईने दार उघडायचं, भांडं सरळ बाहेर ओढायचं, जागच्या जागी वळायचं की ओटा. हात वर नाही, खाली वाकणं नाही. मधली वाट ५५ सेंटीमीटरची आणि दार डावीकडे उघडतं ते ड्रायव्हरच्या बाजूला जातं, त्यामुळे वाटेत आडवंही येत नाही फार. बाबा, खरं सांगा, मी दुसरं काय करणार होते.

खणाला मागून नि वरून जाळी बसवून हवा कपाटातूनच बाहेर काढली, गाडीच्या बॉडीला एकही भोक पाडलेलं नाही. मायक्रोवेव्हच्या अंगात स्क्रू मारायचा नसतो, आत काय कुठे लागेल सांगता येत नाही, म्हणून खाली रबर, चारी बाजूंनी अॅल्युमिनियमचे अँगल फळीत बोल्ट करून आणि वरून एक पट्टा. सुतारमामा म्हणाले एवढं कशाला, जड आहे, हलणार नाही. मी म्हटलं मामा, तुम्ही पेठ रोडने पावसाळ्यात गेलात का कधी?

आम्ही गेलो. मागच्या शनिवारी सावळ घाटातून पेठपर्यंत आणि परत, धो धो पाऊस, खड्डे असे की चिऊ मोजायची बंद झाली शंभरनंतर. मायक्रोवेव्ह तसूभर हलला नाही. आतल्या काचेच्या ताटलीने मात्र पहिल्या दहा मिनिटांत असा खडखडाट केला की गाडी थांबवून ती काढली. आता नियम: गाडी सुटायच्या आधी ताटली आणि खालची चाकांची रिंग बाहेर काढायची, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून भांड्यांच्या खणात. दार एकदा एका मोठ्या खड्ड्यात उघडलं, त्याला लहान मुलांसाठी फ्रिजला लावतात तो चिकटपट्टीचा लॉक लावलाय. पेठला पोचल्यावर साबुदाण्याची खिचडी गरम केली, दीड मिनिटात. बॅटरीचं म्हणाल तर पाच मिनिटं चालवला की साधारण पाच अँपिअर-अवर जातात, आपल्याकडे दीडशे आहेत, त्यामुळे बाबांचा गार झालेला चहा दिवसातून चारदा गरम करायला हरकत नाही. आई, लाइट लागतो का बघायला रिकामा चालवू नकोस फक्त, आत काही नसलं की मॅग्नेट्रॉनवरच येतं ते. बघायचंच असेल तर कपभर पाणी ठेव.

गॅसवरची जुनी जागा रिकामी आहे, तिथे पापडाचा डबा आणि चिऊची पुस्तकं ठेवलीयेत. तिथे काहीही जड ठेवायचं नाही, बाबा, "तात्पुरतं" सुद्धा नाही, तुमचं तात्पुरतं मला माहितीये.

हत्यारं कुठे गेली ते. सगळ्यात खालच्या खणात, लाकडी खोक्यात, पाने वेगळे, पकडी वेगळ्या, तुमची ती मिगची म्हणून कुणाला हात लावू देत नाही ती टॉर्क रेंच फडक्यात गुंडाळून सगळ्यात वर. खाली बसून काढावी लागतील, पण चौदा किलो लोखंड कमरेपेक्षा तळाला बरं, वळणावर गाडी कमी डोलते, हे जावयांना पहिल्याच वळणावर जाणवलं. एक लहान पाऊच केलाय, पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, दहा-बाराचे पाने, तो ड्रायव्हरच्या सीटमागे. रोजचं तेवढ्यात होतं, मी बघितलंय ना तुम्हाला.

आणि जुना मायक्रोवेव्ह घरी नाहीये. ई-कचरावाल्याला देऊन टाकला. मला माहितीये तुम्ही त्याचा ट्रान्सफॉर्मर काढून स्पॉट वेल्डर करणार होतात, दादाने सांगितलं तुम्ही मोबाईलवर कसले व्हिडिओ बघता ते. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसलेला असू शकतो, दोन हजार व्होल्टच्या वरचं प्रकरण, आणि तुम्ही म्हणाल मी विमानं दुरुस्त केलीत. केलीत. पण तेव्हा तुम्ही बत्तीस वर्षांचे होता आणि बायपास झाली नव्हती. म्हणून दिला.

एकूण सगळं धरून चोवीस हजारांच्या आत बसलं, त्यातले निम्मे इन्व्हर्टरचे. परत करायचा विचारही करू नका, आई, तू तर अजिबात नाही, डब्यातून काढून पाकिटात घालून चिऊच्या दप्तरात ठेवतेस ते मला दर वेळी सापडतं. गणपतीच्या आधी या म्हणजे झालं, नंतर वणीला जाऊ गाडी घेऊन, नांदुरीला मुक्काम करू नि सकाळी गडावर. गाडीची किल्ली देवघराच्या डाव्या कप्प्यात, रोज नको पण आठवड्यातून एकदा पाटीलकाका इंजिन चालू करतात.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, १०-११ चा पाना मला खरंच मिळाला नाही. सगळं कपाट रिकामं केलं तेव्हा त्यात नव्हताच. काजवे बघायला गेलो तेव्हा तुम्ही त्याने खुर्ची आवळली होतीत, तिथेच गवतात राहिला असेल. माझ्यावर ढकलू नका.