मदतीच्या मैफलीचा हिशेब तिकीटविक्रीआधीच मागा

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

उतारवयातल्या पॉप गायकाने आपत्तीग्रस्तांसाठी मैफल जाहीर केली, की 'हे सगळं प्रसिद्धीसाठी' अशी कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा ती खरीही असते. जुनी गाणी पुन्हा ऐकली जातात, पुढच्या दौऱ्याची तिकिटे खपतात. खपू द्या. परवानगी देताना आपण पाहायचे ते कागद.

'मी एक पैसाही घेणार नाही' या वाक्याला फसू नये. मानधन शून्य असते. पण वादक, नर्तक, रंगभूषाकार, अंगरक्षक असा ताफा, त्यांची विमाने-हॉटेले, साउंड, लाईट, विमा हे सारे 'निर्मिती खर्च' या एकाच ओळीत गडप होते. साउंडचे बिल गायकाच्याच कंपनीचे असले तरी त्या ओळीवरून ते कळत नाही. म्हणून ताफ्याचा खर्च वेगळा दाखवायला लावा आणि एकूण खर्चाची कमाल मर्यादा तिकिटावरच छापून घ्या. जाहिरातीत मिरवतो तो गल्ला. गरजूंपर्यंत पोहोचते ती खर्च वजा जाता उरलेली शिल्लक.

गाण्याच्या विक्रीत खरी मेख आहे. 'या गाण्याची माझी सगळी कमाई दान' म्हणजे अनेकदा फक्त गायकाची रॉयल्टी. ध्वनिमुद्रणाच्या मालकीचा, गीत-संगीताचा आणि वितरकाचा वाटा जागच्या जागी राहतो. कार्यक्रमाच्या प्रक्षेपणाचे हक्क तर करारात कुठेतरी शेवटच्या पानावर सापडतात. कोणता वाटा दिला आणि किती वर्षांसाठी, हे लेखी हवे.

हेतू चोख असूनही पैसा अडकतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी जॉर्ज हॅरिसन आणि पं. रविशंकर यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लवकर मिळाले. अल्बमचे पैसे मात्र अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकले, कारण करमाफीचा अर्ज वेळेत झालाच नव्हता. १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी अनेक गायकांनी मिळून केलेल्या 'बँड एड'च्या रेकॉर्डवरचा व्हॅट सोडायला ब्रिटिश सरकार तयार नव्हते. ओरड झाल्यावर तेवढी रक्कम मदत म्हणून परत दिली गेली. करमाफीचा आदेश हाती आल्याशिवाय तिकीटविक्री सुरूच होऊ देऊ नका.

गायकाची स्वतःचीच संस्था असेल तर जास्त सावध राहा. हैतीत जन्मलेले अमेरिकी गायक वायक्लेफ जाँ यांची 'येले हैती' ही संस्था हैतीतल्या २०१० च्या भूकंपानंतर देणग्यांनी भरून गेली आणि २०१२ मध्ये बंद पडली. अशा ठिकाणी विश्वस्तांत घरचे लोक बहुसंख्य नसावेत. पैसा स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, आणि त्या खात्यावर एक सही लाभार्थी संस्थेची असावी.

कार्यक्रमानंतर नव्वद दिवसांत तपासलेला हिशेब जाहीर झाला नाही, तर त्या आयोजकाला पुढची परवानगी मिळू नये. अल्बमचे पैसे उशिरा येत राहतात, त्यांचा हिशेब दरवर्षी वेगळा घ्यावा.

आपले,
मदतनिधी कार्यक्रमांचे हिशेब तपासणारे