टेपचा हुक मीच ठोकला होता, ताई

ताई,

हे पत्र खरं तर माझ्या डिग्रीचा निकाल लागला त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण "आपले मनःपूर्वक आभार" एवढं लिहून अडकलो, कारण ते वाचून तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं की हे कुठल्या फॉरमॅटमधून उचललंस. म्हणून आता सुचेल तसं लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता.

टेपपासून सुरुवात करतो. तुमच्या साइटवर काम शिकायला आलो त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला तुमचा मोजायचा पाच मीटरचा टेप दिलात, त्याचा पुढचा हुक हलत होता. मला वाटलं ढिला झालाय, म्हणून सेंटरिंगवाल्याकडनं हातोडी मागून रिव्हेटवर दोन ठोके मारून पक्का बसवला आणि वर मोठ्या कौतुकाने तुम्हाला दाखवायलाही आणला 😅 तुम्ही हसला नाहीत की ओरडलाही नाहीत. नुसतं म्हणालात, "आता एकदा फळी बाहेरून हुक अडकवून मोज, आणि मग हुक भिंतीला टेकवून आतून मोज." तेव्हा कळलं की तो हुक स्वतःच्या जाडीएवढा मागेपुढे व्हायलाच हवा, ओढला की पुढे येतो, दाबला की आत जातो, नाहीतर दोनातलं एक माप तेवढंच चुकतं. दोन वर्षं कॉलेजात मेजरमेंट शिकून आलेला मी, आणि टेप कसा चालतो हेच मला माहीत नव्हतं.

प्रॉपर्टी अँड कन्स्ट्रक्शनची डिग्री म्हटलं की अर्धे लोक विचारतात म्हणजे सिव्हिल का, उरलेले विचारतात म्हणजे घरं विकणार का. मला स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. मटेरियल्स, कॉन्ट्रॅक्ट लॉ, व्हॅल्युएशन म्हणजे मालमत्तेची किंमत काढणं, इकॉनॉमिक्स, एस्टिमेटिंग म्हणजे बांधायच्या खर्चाचा हिशोब, हे सगळं एकाच डिग्रीत का कोंबलंय हा प्रश्न मला तुमच्याकडे येईपर्यंत पडलेलाच होता.

काँक्रीटचा तो हिशोब आठवतोय ना? बीम २३० बाय ४५० मिलिमीटर, लांबी ४ मीटर, मी बीमची अख्खी ४५० उंची धरली, ०.४१४ घनमीटर, आणि स्लॅबही बाहेरून बाहेरपर्यंत पूर्ण धरला. फॉर्म्युला बरोबर, गुणाकार बरोबर, मी खूश. तुम्ही लाल पेन्सिल दिलीत आणि म्हणालात की जिथे जिथे काँक्रीट मोजलंयस तिथे ड्रॉइंगवर रंगव. बीमच्या वरच्या १२५ मिलिमीटरवर पेन्सिल दोनदा फिरली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, स्लॅबची जाडी बीममध्ये पण आणि स्लॅबमध्ये पण. एका बीममागे ०.११५ घनमीटर, वाटतं किरकोळ, पण तसे ४० बीम होते म्हणजे ४.६ घनमीटर, सहा घनमीटरच्या मिक्सरची पाऊण गाडीच की! न ओतलेलं काँक्रीट मी बिलात घातलं होतं. अजूनही मी प्रत्येक शीट आधी रंगवतो, ऑफिसात पोरं हसतात, हसू देत.

आणि सळईचं वजन. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, हे मला झोपेत विचारलं तरी यायचं. तुम्ही विचारलंत, १६२ कुठून आला? मी म्हणालो, सरांनी सांगितला. मग एका रिकाम्या सिमेंटच्या गोणीवर तुम्ही मला मांडायला लावलंत, स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, सळईचं क्षेत्रफळ, मिलिमीटरचे मीटर, आणि खरंच खाली १६२ आला. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, हे पाठ करणं वेगळं आणि आपल्या हाताने काढणं वेगळं.

साइटवर रोज लिहायच्या डायरीचा मात्र मला तेव्हा जाम राग यायचा. मी लिहायचो "दुपारी पाऊस". तुम्ही खोडून लिहायला लावायचात, किती वाजता सुरू, किती वाजता थांबला, कुठलं काम थांबलं, किती माणसं बसून होती. शेवटच्या वर्षी कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदतवाढीचा चॅप्टर आला आणि मला पुस्तक न वाचताच कळला, उशीर झाला एवढं म्हणून भागत नाही, कशामुळे आणि किती ते त्याच दिवशी लिहिलेलं लागतं.

व्हॅल्युएशनच्या पेपरच्या आदल्या रात्री मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे स्लॅब चालू होता, व्हायब्रेटरच्या घरघरीत निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी तुम्ही वीस मिनिटं बोललात. वर्षाला निव्वळ भाडं १०० येतं, लोकांना ८ टक्के परतावा पुरतो तर किंमत १२५०, उद्या १० टक्के मागायला लागले तर १०००. "वीट एक हलली नाही, भाडं तेच, तरी पाचवा हिस्सा गेला. बांधायला किती लागले ते मी मोजते, त्याचं मोल किती ते बाजार मोजतो, तुला दोन्ही यायला हवं." हे सगळं एकाच डिग्रीत का, या मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असं रात्री साडेदहाला मिळालं, आणि मधेच तुम्ही कुणावर तरी ओरडलात की व्हायब्रेटर एका जागी धरून ठेवू नको.

एक तक्रार पण आहे. तुम्ही कधीच उत्तर सरळ सांगितलं नाहीत, साधं हो किंवा नाही काढायला मला अर्धा दिवस लागायचा. आता माझ्या हाताखाली एक मुलगी आलीय आणि मी तिच्याशी हेच करतोय, ती वैतागते, मला आतून मजा येते.

तुमचा तो टेप अजून माझ्याकडेच आहे, हुक तसाच जाम. तो काही परत देणार नाही. नवीन घेतलाय, पुढच्या आठवड्यात साइटवर घेऊन येतो. हुक हलतोय, दुकानातच बघून घेतला.

तुमचाच,
लाल पेन्सिलवाला