वंशावळीच्या पानावर

सदर, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय बाळा,
सलाम.

"त्यांनी रक्ताचं विचारलं, आई," एवढंच बोलून परवा तू फोन ठेवलास. मुलीकडची माणसं वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. पण दत्तक मुलाचं मूळ कोणतं, हा प्रश्न तुझ्या काळजाला लागला आणि तेव्हापासून माझा डोळा लागत नाही.

आज चर्चमधून आल्यावर आजोबांचं पवित्र शास्त्र, त्यांचं बायबल, काढलं. बांधणी सैल झालीय. जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी संपून नव्या करारातलं पहिलं, मत्तयाचं, सुरू होण्याआधीच्या कोऱ्या पानावर आपल्या घराची नावं आहेत. तुला घरी आणलं त्याच संध्याकाळी आजोबांनी तुझं नाव लिहिलं. मे महिना होता, हाताला घाम. तुझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी निळी शाई पसरलीय. वर ताईचं नाव, खाली तुझं. पुढे 'दत्तक' लिहायला जागा होती. त्यांनी लिहिलं नाही.

पान उलटलं की येशूची वंशावळ. लहानपणी "हा झाला, तो झाला" म्हणत तू ती घाईघाईने संपवायचास. आता सावकाश वाच. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला... मत्तय 14-14 पिढ्यांचे तीन टप्पे मोजतो आणि योसेफापाशी येऊन वाक्यच बदलतो. योसेफाला येशू झाला, असं तो लिहीत नाही. योसेफ मरीयेचा पती, आणि येशू जन्मला तो मरीयेपासून. मग योसेफाचे एवढे पूर्वज कशाला मोजले? उत्तर त्याच अध्यायात आहे. स्वप्नात दूत योसेफाला 'दाविदाच्या पुत्रा', म्हणजे दावीद राजाच्या वंशजा, अशी हाक मारतो, बाळाचं नाव तू ठेव म्हणतो. शेवटच्या वचनात योसेफ नाव ठेवतो. नाव ठेवलं, म्हणजे मूल आपलं म्हटलं. दाविदाचं घराणं आपल्या प्रभूला मिळालं ते असं, बाळा. योसेफाच्या रक्तातून नाही.

दुसरा शुभवर्तमानकार लूकसुद्धा वंशावळ देताना योसेफाकडूनच मागे मागे जातो, थेट आदामापर्यंत आणि देवापर्यंत. पण सुरुवातीलाच सांगतो की येशूला योसेफाचा पुत्र समजत असत.

शास्त्रात वंशाला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांना वंशावळीची नोंद सापडली नाही, तर त्यांना याजकपणातून काढलं. एज्राचा दुसरा अध्याय वाच. अनुवाद नावाच्या पुस्तकात मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशातल्या, माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत यायची बंदी आहे. आणि तरी मवाबी रूथ मत्तयाच्या यादीत नावानिशी आहे, दाविदाची पणजी म्हणून. तिने आपल्या सासूला, नामीला, म्हटलं होतं, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. तुला मांडीवर घेतलं तेव्हा मी मनात हेच म्हटलं होतं, फक्त उलट बाजूने.

त्या लोकांवर रागावू नकोस. पुन्हा विचारलं तर खाली बघून बोलू नकोस. आईबाबांचं, आजोबांचं नाव सांग. तेच तुझं घराणं.

तुझ्या नावाच्या उजवीकडे पान मोकळं आहे. नाताळात तिला घेऊन ये. आजोबांचं अक्षर तिने बघावं, असं मला फार वाटतं.

तुझी,
आई